खिडक्या-दारं नेमकी कधी बदलायची? सातारा-सांगलीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर साताऱ्यात शाहूपुरीच्या बाजूला, 1990 च्या आसपास बांधलेलं. 2025 मध्ये त्याच्या सात खिडक्या आणि तीन दारं बदलली, चार खिडक्या मेमध्ये आणि बाकी सगळं डिसेंबरात. मेमध्ये जी फजिती झाली ती सगळ्या पाहुण्यारावळ्यांत पसरली, त्यामुळं आता कुणालापण घराचं काम काढायचं असलं की आधी मला फोन येतो आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. मी सुतार नाय की खिडक्यांच्या फ्रेमा बनवून बसवणारा फॅब्रिकेटर नाय, पण दोघांच्याही मागं चहाचा कप घेऊन तासन्‌तास उभा राहिलोय, तेवढ्या भांडवलावर लिहितोय.

पाल्हाळ नको, महिना सांग.

तुळशीचं लग्न झालं की पुढं शिवरात्रीपर्यंत. त्यातला पण पौष महिना पकडला तर सोन्याहून पिवळं, कारण पौषात लग्नं नसतात, वास्तुशांती नसतात, त्यामुळं माणसं हाताला लागतात. पाऊस जाऊन दीड-दोन महिने झालेले असतात म्हणजे भिंती आतनं सुकलेल्या असतात, लाकूड पावसाळ्यासारखं फुगलेलं नसतं आणि एप्रिलसारखं आकसलेलं पण नसतं, मधल्या मापावर असतं. आणि सिमेंटचं काम करायला थंडीसारखी हवा नाय, गिलावा फटकन सुकून तडकत नाय.

पण सगळे तर मे महिन्यातच काम काढतात की, पोरांना सुट्टी असते.

आम्ही पण तेच केलं. ऐका मग.

पश्चिमेच्या चार खिडक्या, जुन्या लाकडी, खालची चौकट कुजलेली. फॅब्रिकेटर म्हणाला दोन दिवसाचं काम. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याची पोरं आली, एका दिवसात चारच्या चार चौकटी कापून काढल्या, भिंतीला चार भगदाडं, आणि नवीन फ्रेमा म्हणे परवा येतायत, पावडर कोटिंगला गेल्यात. परवाचं झालं तीन दिवस, मग कळलं की त्याची दोन पोरं भावाच्या लग्नाला गावाला गेली. आणि तेवढ्यात पावसानं गाठलं. नेहमी आमच्याकडं पाऊस धरतो मृगाच्या आगंमागं म्हणजे 7 जूननंतर, त्या वर्षी 26 मेलाच मान्सून मुंबईत पोचला आणि त्याच्या आधीपासनं इकडं रोज संध्याकाळी झोडपत होता, फलटण-बारामतीकडं तर त्याच दिवसांत पूर आला. आम्ही चार भोकांना ताडपत्री ठोकून आत बसलेलो, वारा आला की ताडपत्री ढोलासारखी वाजायची. गाद्या सगळ्या हॉलमध्ये. रात्री एक मांजर त्यातनं आत आलं ते कपाटावर जाऊन बसलं आणि चार दिवस तिथंच राहिलं, त्याला कुणी हाकलायच्या मनःस्थितीत पण नव्हतं.

शेवटी ओल्या भिंतीतच फ्रेमा बसवल्या. कडेला गवंड्यानं जो गिलावा केला तो सुकायच्या आधीच त्यावर सिलिकॉन मारलं. ऑगस्टमध्ये मी सहज नखानं एक टोक उचललं तर अख्खी चार फुटाची पट्टी साबणाच्या कागदासारखी सुटून हातात आली. म्हणून सांगतोय, मे महिना कॅलेंडरवर कोरडा दिसतो पण तो उधारीवरचा असतो, आणि चूक झाली तर सुधारायला पुढं दिवसच नसतात. डिसेंबरात चूक झाली तर जानेवारी असतो.

पावसाळ्यात मेन दार घट्ट झालंय, खांदा लावून ढकलावं लागतंय. सुतार बोलवून रंधा मारून घेऊ का?

नको, नको, नको. सगळ्यात जास्त नुकसान ह्यानंच होतं.

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, पण ते रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाहीच. म्हणून दार कडीच्या बाजूला घासतं. जुलैत तुम्ही घासतंय तेवढं तासून टाकलं की तेव्हा बरं वाटतं, मग दिवाळीनंतर लाकूड परत आकसतं आणि मग त्या फटीतनं बाहेरच्या ओट्यावर कोण बसलंय ते दिसतं. तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाय. आमच्या शेजारच्या काकांनी असं तीन पावसाळे केलं, आता त्यांच्या दाराला आतनं रबराची पट्टी, तिच्यावर अजून एक पट्टी असा प्रकार आहे.

जुलैत एवढंच करा. कुठं घासतंय तिथं खडूनं खूण करा, बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झालेत का बघा, कारण निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतंच, वरची बिजागरी सुटून ते खाली बसलेलं असतं आणि त्याला दोन मोठे स्क्रू पुरतात. घासतं तिथं मेणबत्ती चोळा. मग जानेवारीत परत बघा. तेव्हापण घासत असेल तर खुशाल रंधा मारा.

आणि एक, दाराच्या खाली छोटा आरसा धरून बघा. दहातल्या नऊ दारांना खालच्या कडेला रंग नसतो, पॉलिश नसतं, कोरं लाकूड असतं, कारण दार बसवल्यावर तिथं ब्रश जात नाय आणि आधी कुणाच्या लक्षात येत नाय. फरशी पुसताना रोज तिथनंच पाणी चढतं. नवीन दार करताना बिजागरीवर चढवायच्या आधी वरची आणि खालची कड दोन हात मारून घ्यायला सांगा, आणि सांगून गप बसू नका, उभं राहून बघा.

मग पावसाळ्यात हात बांधून बसायचं?

उलट खरं काम पावसाळ्यातच असतं, फक्त ते बघायचं काम असतं. कुठली खिडकी गळते, कुठनं गळते, हे डिसेंबरात जगातला कुठलाच फॅब्रिकेटर सांगू शकत नाय. जुलैत धो धो पडत असताना प्रत्येक खिडकीचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. पाणी फ्रेम आणि भिंतीच्या मधनं येतंय, का ट्रॅकमध्ये साचून आत उतू जातंय, का वरच्या छज्जाच्या खालनं ओघळत येतंय, तिन्हींचा इलाज वेगळा. तिसऱ्यात तर खिडकी बदलून काही उपयोगच नाय, छज्जाच्या खालच्या अंगाला कडेनं एक खाच असावी लागते म्हणजे पाणी तिथनं खाली टपकतं, ती नसली की पाणी छज्जाला चिकटून सरळ आत चालत येतं.

ट्रॅकमध्ये पाणी साचत असेल तर आधी पाणी जायची भोकं बघा. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूनं बारीक चिरा असतात, त्यातनं पाणी बाहेर जायचं असतं. आमच्या मागच्या खोलीची खिडकी दोन वर्षं गळत होती, मी नवीन करायची ठरवलेली, आणि एक दिवस कळलं की पेंटरनं रंगाच्या वेळी त्या भोकांत पुट्टी भरून चकाचक करून टाकलेली. सुईनं मोकळी केली, गळती बंद. एक खिडकी वाचली.

दिशा पण लिहून ठेवा. आमच्याकडं जून ते सप्टेंबर मार असतो तो पश्चिमेचा, यवतेश्वराच्या अंगावरनं येणारा वारा पाऊस सरळ आडवा मारतो, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाय उभ्या केल्यात. पण वळीव आणि परतीचा पाऊस बहुतेक वेळा पूर्वेकडनं उठतो, त्यामुळं पूर्वेची खिडकी ठीक आहे हे जुलैवरनं ठरवू नका, ऑक्टोबरचे एकदोन गडगडाटी पाऊस बघून घ्या.

ऑर्डर कधी द्यायची मग?

पितृपक्षात. खरंच. त्या पंधरवड्यात कुणी काम काढत नाय, वर्कशॉपमध्ये सगळे मोकळे बसलेले असतात, मालक स्वतः घरी येऊन माप घेतो आणि भावात पण थोडं सरकतो. आमच्या आईला हे पटणं शक्यच नव्हतं, मग तोड काढली की माप घ्यायला आणि कोटेशन मागवायला पितृपक्ष आडवा येत नाय, ॲडव्हान्स घटस्थापनेला द्यायचा. तसंच केलं.

दिवाळीच्या आधी उरकलं तर बरं ना, घर नवीन दिसेल?

दिसेल, पण फिनिशिंग बघू नका मग. दसऱ्यापासनं दिवाळीपर्यंत सुतार, पेंटर, काचवाला, सगळे एकाच वेळी दहा घरं धरून असतात, सकाळी तुमच्याकडं दोन स्क्रू मारून दुपारी गोडोलीला आणि संध्याकाळी फोन बंद. शिवाय सप्टेंबरचा ओलावा भिंतीत तसाच असतो. दिवाळी झाल्यावर लगेच पण धरू नका, बिहार-यूपीकडची कारागीर पोरं छठपूजेला गावाला जातात ती परत यायला वेळ लागतो, आणि राजस्थानी सुतार दिवाळीला गेलेले असतात. होळीला परत हाच प्रकार. ह्या दोन तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं मारून ठेवा, तुमच्या मुहूर्तापेक्षा ह्यांचं रेल्वे रिझर्वेशन जास्त महत्त्वाचं आहे.

अ‍ॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीला (म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमांना) सीझनचा काय संबंध? ते थोडंच फुगतंय.

पाण्यानं फुगत नाय, उन्हानं वाढतं. यूपीव्हीसीची 2 मीटरची पट्टी 30 अंशांच्या फरकाला साधारण 4 मिलीमीटर वाढते, अ‍ॅल्युमिनियम तेवढ्यालाच दीड मिलीमीटरच्या आत. आता सांगलीत जानेवारीच्या पहाटे 12-13 आणि एप्रिलच्या दुपारी 40 च्या पुढं, वर पश्चिमेचं ऊन आणि त्यात तुम्ही हौसेनं गडद चॉकलेटी किंवा काळा कलर घेतलेला, म्हणजे पट्टी हवेपेक्षा अजून कितीतरी तापणार. थंडीत जर फ्रेम भिंतीत ठासून बसवली, सगळीकडनं सिमेंट गच्च, तर उन्हाळ्यात ती कमानीसारखी वाकते आणि पल्ला ओढताना अडकतो. म्हणून थंडीत बसवताना चारी बाजूंनी 5 मिलीमीटरभर मोकळी जागा सोडून ती फोमनं आणि सिलिकॉननं भरायची. चांगला फिटर हे न सांगता करतो. जो म्हणतो काय नाय होत साहेब, त्याला परत एकदा विचारा.

सिलिकॉनचा एक गैरसमज आहे की पावसाळ्यात ते वाळत नाय. खरं तर ते हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतं, दमट हवा त्याला चालते, त्याला चालत नाय ती ओली भिंत आणि धूळ. पंधरा-वीस मिनिटांत वर साय धरते, आतपर्यंत पक्कं व्हायला एक दिवस तरी द्यायचा, तोवर खिडकीवर पाण्याचा पाईप मारून टेस्ट घेत बसायचं नाय. (आमच्या बंधूंनी नेमकं हेच केलं.)

म्हणजे पावसाच्या उघडिपीत, भिंत खरंच कोरडी असेल आणि आहे त्या चौकटीत नुसते पल्ले बदलायचे असतील, तर अ‍ॅल्युमिनियमचं काम ऑगस्टमध्येपण होतं. भिंत फोडायची असेल तर नाही.

अजून एक, नवीन फ्रेमवर जो प्लास्टिकचा टेप येतो तो लगेच काढून टाका. लोक नवीन गाडीच्या सीटसारखा जपून ठेवतात, आणि एका उन्हाळ्यात त्याचा डिंक फ्रेमवर भाजून बसतो, मग रॉकेल लावून खरवडत बसा.

सागवानच लावायचंय. लाकूड कधी घेऊ?

दार जानेवारीत करायचं असेल तर लाकूड त्याआधी दोन-तीन महिने घरात येऊन पडलं पाहिजे. सांगलीच्या टिंबर एरियात गेलात किंवा साताऱ्यात कुठल्या वखारीत, तुम्हाला सगळे सांगणार की लाकूड सुकं आहे, पण पावसाळाभर पत्र्याखाली पडलेलं लाकूड वरनं सुकं आणि आतनं ओलं असू शकतं. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, दोन सुया टोचायच्या, आकडा 12 च्या आत आला तर बरं. ज्या सुताराकडं ते मीटर आहे त्याच्यावर माझा निम्मा विश्वास तिथंच बसतो. घरी आणल्यावर सावलीत, जमिनीपासनं वर, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या देऊन थप्पी लावायची म्हणजे चारी बाजूंनी वारा फिरतो. उन्हात टाकायचं नाय, उन्हात वरचं आधी आकसतं आणि टोकाला चिरा पडतात.

सागवान बाकीच्या लाकडांपेक्षा कमी हलतं, म्हणून तर त्याचा भाव. बल्लारशाचा साग म्हणून जो देतात तो आणि बाहेरच्या देशातनं आलेला साग ह्यात भावाचा बराच फरक, बिलावर कुठला आहे ते लिहून घ्या. आणि सालीकडचं पांढरं लाकूड किती आहे ते बघा. भुंगा तेच आधी पोखरतो, दाराखाली पिठासारखा भुगा पडायला लागला की समजायचं.

पॉलिश पण लगेच करून घ्यायचं का?

डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळी हवेत मेलामाइन किंवा लॅकरसारखं पॉलिश मारलं की ते पांढरट पडतं, दुधाळ ढग आल्यासारखं. आमच्या दाराचं पॉलिश थंडीत झालं आणि तेवढ्यात साखर कारखान्याचा सीझन चालू, गच्चीवर रोज काळी काजळी पडते ती. दार अंगणात पॉलिशला ठेवलं तर त्यावर तीळ पेरल्यासारखं झालं. परत घासून आतल्या खोलीत मारलं. कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

आमचं घर सांगलीत नदीजवळ आहे. पुरानंतर दारं कधी बदलायची?

हे माझ्या मावशीच्या घरावरनं सांगतो, गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा त्यांच्या खालच्या मजल्यात बरेच दिवस पाणी होतं. पाणी उतरल्यावर बघितलं तर आतल्या खोल्यांची फ्लश दारं पापडासारखी सुटलेली, सनमायका एकीकडं आणि आतला भुसा एकीकडं. मेन दार आणि त्याची सागवानी चौकट, आजोबांच्या वेळची, ती मात्र चिखल धुऊन सावलीत हळूहळू सुकू दिल्यावर जवळपास पहिल्यासारखी झाली. दोन महिने लागले.

चूक झाली ती पुढं. गणपती तोंडावर आलेले, घर उघडं कसं ठेवायचं म्हणून काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, पंधरा दिवसांत नवीन चौकटी आणि दारं बसवून टाकली. भिंत बाहेरनं कोरडी दिसायची पण आत विटा पाणी पिऊन बसलेल्या, ते पाणी बाहेर यायला वाट शोधत होतं आणि त्याला नवीन चौकट सापडली. संक्रांतीपर्यंत चौकटीला बुरशी, खालचा वीतभर भाग काळा. पूर ओसरल्यावर निदान दोन-तीन महिने पडदे लावून दिवस काढा, बाथरूमला प्लास्टिकचं तात्पुरतं दार लावा, आणि पक्कं काम थंडीतच करा.

पुराच्या पट्ट्यात तळमजल्यावर आतल्या दारांना साधा फ्लश लावूच नका, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड) लावा, चौकट डब्ल्यूपीसीची किंवा दगडाची. आणि बिजागऱ्या पिन निघणाऱ्या घ्या, स्टेनलेसच्या. मावशीकडं आता तशाच आहेत. इशारा पातळी 40 फूट, धोका 45, तर पाणी चाळिशीला आलं की काका पिना ठोकून काढतात आणि पोरं दारं उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतात. 2021 ला पूर आला तेव्हा हेच केलं, एक दार गेलं नाय.

वाळवी लागलेली चौकट कधी काढावी?

ही वाट बघायची गोष्ट नाय, दिसली की काढा, सीझन कुठलापण असो. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाईटभोवती पंखवाले किडे येतात आणि सकाळी पंखांचा ढीग पडतो, ते घरातल्याच एखाद्या भेगेतनं बाहेर पडताना दिसले तर चौकट बोटानं ठोकून बघा, पोकळ वाजली की कळालं. फक्त औषध न मारता त्याच जागी नवीन लाकूड ठोकू नका. आधी जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात भोकं पाडून ट्रीटमेंट, मग चौकट. काळ्या मातीवरच्या जुन्या घरांत मी तर लाकडी चौकटीचा हट्टच सोडा म्हणेन.

आम्ही जतला राहतो, आमच्याकडं पाऊसच नाही. आम्हाला पण हेच?

तुम्हाला बरीच मोकळीक आहे. जत, आटपाडी, माण, खटाव ह्या पट्ट्यात वर्षाला 500 मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तिथं ऑक्टोबरच्या शेवटापासनं मार्चपर्यंत बिनधास्त करा. तुमची अडचण ऊन आणि पाणी. गिलाव्याला सात दिवस पाणी मारायचं असतं आणि एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यानं ते कुणी करत नाय, मग खिडकीच्या कडेनं तडे जातात आणि दोष खिडकीवाल्याला.

पाटण, जावळी, महाबळेश्वरवाल्यांचं नेमकं उलटं. महाबळेश्वरला 5000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तिकडं पावसाआधी पश्चिमेच्या भिंतींना झडी लावायची पद्धतच आहे, पूर्वी गवताच्या असायच्या आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक नाहीतर पत्रा. तिथं भिंत सुकायला नोव्हेंबर पण पुरत नाय, जानेवारी ते मार्च धरा आणि एप्रिलमध्ये हात झटकून मोकळे व्हा.

ग्रील, गिलावा, खिडकी, रंग, आधी काय?

ग्रीलचं वेल्डिंग सगळ्यात आधी. काच बसल्यावर वेल्डिंग केलं की ठिणग्या काचेवर बारीक खड्डे पाडतात, ते कशानंच जात नाहीत, उन्हात काच धरली की देवी आल्यासारखी दिसते. मग ग्रीलला रेड ऑक्साईड, तो पण कोरड्या दिवसात, नाहीतर गंज आत कोंडतो. मग गवंडी: चौकटीचा गाळा गुण्यात आणि ओळंब्यात, म्हणजे कोपरे काटकोनात आणि बाजू सरळ उभ्या, करून घ्यायचा, खाली कडप्पा नाहीतर ग्रॅनाईट बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. मग खिडकी, कारण ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमवर सांडलं की डाग पडतो तो कायमचा. शेवटी रंग, नवीन गिलाव्यावर महिनाभर थांबून. आता हे सगळं मोजा, दीड महिना होतो, मेमध्ये बसतंय का बघा.

मुहूर्त बघायचा का?

तुमच्या घरातली मोठी माणसं म्हणत असतील तर बघा, भांडण कशाला. मेन दाराच्या चौकटीला आमच्या आईनं हळदीकुंकू वाहिलं, आंब्याची डहाळी बांधली, नारळ फोडला, सुताराला टॉवेल-टोपी दिली. त्यानंतर सुतारानं ओळंबा परत एकदा लावून बघितला, त्यामुळं माझ्या मते मुहूर्ताचा फायदा झालाच. पौषात पूजा नको म्हणून मेन दाराची चौकट आम्ही मार्गशीर्षात उभी केली आणि खिडक्या पौषात केल्या, खिडक्यांना कुणी मुहूर्त विचारत नाय.

घरात राहून काम होतं का?

होतं, पण एका दिवशी एकच खोली. आणि जुनी खिडकी काढायची कधी, तर नवीन खिडकी काचेसकट अंगणात येऊन उभी राहिल्यावर. फ्रेम नाही, फोटो नाही, येतीये म्हणून फोन नाही. टफन काच असेल तर अजून सावध, कारण ती भट्टीत जायच्या आधीच मापाला कापावी लागते, भोकं पण आधीच पाडावी लागतात, नंतर सूतभर पण कापता येत नाय. माप चुकलं तर नवीन काच आणि परत आठवडा. बारावी-दहावीची पोरं घरात असतील तर फेब्रुवारी-मार्च सोडा, कटरचा आवाज तीन घरं पलीकडं जातो.

कोटेशन कसं बघायचं?

चौरस फुटाचा भाव सगळे सांगतात, तो निम्मा भाव असतो. सेक्शनची म्हणजे फ्रेमच्या पट्टीची जाडी, काच किती मिलीमीटरची, जाळी धरून का सोडून, लॉक कुठलं, जुनं काढून राडारोडा कोण उचलणार आणि 18 टक्के जीएसटी धरलाय का, हे कागदावर घ्या. अर्धे पैसे काम संपल्यावर. आमचे मेमध्ये ऐंशी टक्के देऊन झालेले, मग फोन कोण उचलतंय.

जुन्या दारांचं काय करायचं?

फेकू नका आणि भंगारवाल्याला पण लगेच देऊ नका. तो दाराकडं बघत नाय, पितळी कड्या आणि बिजागऱ्यांकडं बघतो. जुनं सागवान पन्नास-साठ वर्षं सुकलेलं असतं, त्यापेक्षा चांगलं सुकं लाकूड आज विकत मिळत नाय, खिळे काढून रंधा मारला की आत सोनं निघतं. आमच्या कुजलेल्या खिडक्यांचा खालचाच भाग गेलेला, वरच्या पट्ट्या ठणठणीत. त्यातनं सुतारानं देव्हाऱ्याची दारं केली आणि उरलेल्यातनं एक पाट. ते मांजर आता त्या पाटावर बसतं.